उड्या मारणारा बाँब

श्रोतेहो, तळ्याच्या कांठीं उभें राहून चपटी खापरी आडव्या हातानें पाण्यावर भिरकावण्याचा खेळ आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं खेळलेला असेल. खापरी पाण्याला टेकते, पण बुडत नाहीं. टुणकन् उडते, पुन्हां टेकते, पुन्हां उडते आणि शेवटीं दमल्यासारखी पाण्यांत दिसेनाशी होते. ज्याच्या खापरीच्या उड्या अधिक तो जिंकला. ह्याच खेळांतलें तत्त्व घेऊन दुसऱ्या महायुद्धांत एका इंग्रज इंजिनियरानें चार टनांहून अधिक वजनाचा बाँब तयार केला, आणि त्याच्या योगानें जर्मनींतील दोन मोठीं धरणें एका रात्रींत फोडण्यांत आलीं. तो बाँब कसा सुचला, कसा घडला आणि त्यानें काय केलें, हें मी आज सांगणार आहें.

प्रारंभींच एक खुलासा केलेला बरा. बाँबच्या रचनेची हकीकत सांगणें म्हणजे संहाराचे पोवाडे गाणें, अशी समजूत होण्याचा संभव आहे. तसा माझा हेतु नाहीं. मला ह्या हकीकतींत रस वाटतो तो असा कीं, ज्यानें हा बाँब निर्मिला तो हाडाचा बांधणारा माणूस होता, आणि ज्या वस्तूवर तो टाकावयाचा होता तीहि माणसानें मोठ्या कौशल्यानें बांधलेली होती. एका इंजिनियराला दुसऱ्या इंजिनियराचें काम मोडावयाचें होतें. आणि तें मोडण्यासाठीं आधीं तें उभें कसें राहतें, हें त्याला मुळापासून शिकावें लागलें.

ह्या माणसाचें नांव बार्न्स वॉलिस. १८८७ सालीं इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत तो जन्मला. जहाजांच्या कारखान्यांत काम करून तो पुढें वायुनौकांकडे वळला, आणि आर-१०० ही प्रचंड वायुनौका त्यानें रचली. नंतर व्हिकर्स कंपनींत विमानांचें काम हातीं आल्यावर त्यानें वेलिंग्टन नांवाच्या बाँबफेक्या विमानाचा सांगाडा निराळ्याच तऱ्हेनें विणला. विणला हा शब्द मी जाणून वापरतों. बुरूड ज्याप्रमाणें बांबूच्या कांबी तिरप्या एकमेकींवरून नेऊन टोपली विणतो, त्याप्रमाणें हलक्या धातूच्या पट्ट्यांची जाळी करून तिच्यावर कापड ताणावयाचें, अशी ती रचना होती. टोपलीच्या दोनचार कांबी तुटल्या म्हणून टोपली उसवत नाहीं; तद्वत् तोफांच्या माऱ्यानें अंगाची चाळण झालेलीं वेलिंग्टन विमानें तशींच घरीं परत येत. कमींत कमी वजनांत अधिकांत अधिक बळ कसें साठवावें, ह्या एका विचारांत ह्या गृहस्थाचें अर्धें आयुष्य गेलें होतें.

युद्ध सुरू झालें तेव्हां ब्रिटिश बाँबफेकीं विमानें जे बाँब घेऊन जात, ते बहुतांशीं अडीचशें आणि पांचशें पौंडांचे असत. असा बाँब कारखान्याच्या छपरावर पडला तर छप्पर उडे, यंत्रें बहुधा शाबूत राहत, आणि कांहीं दिवसांत काम पुन्हां सुरू होई. शिवाय तो कारखान्यावर पडे हेंच मुळांत दुर्मिळ. १९४१ च्या ऑगस्टमध्यें बट नांवाच्या एका सरकारी अधिकाऱ्यानें विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांची तपासणी करून जो अहवाल दिला, तो वाचून अनेकांचीं तोंडें उतरलीं. आपण लक्ष्यावर हल्ला केला असें ज्या विमानांनीं कळविलें होतें, त्यांपैकीं तिघांत एकच विमान लक्ष्याच्या पांच मैलांच्या आंत पोहोंचलें होतें. रूर खोऱ्यावर, जेथें कारखान्यांच्या धुराचा पडदा नित्य पसरलेला असे, तेथें हें प्रमाण दहांत एक इतकें होतें.

वॉलिसनें ह्या प्रश्नाकडे निराळ्या बाजूनें पाहिलें. कारखाने पांगवितां येतात, झांकतां येतात, दुरुस्त करतां येतात. पण ज्या शक्तीवर ते चालतात तिचे उगम हालवितां येत नाहींत. कोळशाची खाण उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं; धरणहि नेतां येत नाहीं. म्हणून घाव घालावयाचा तर उगमावर, असें त्यानें १९४१ च्या मार्चमध्यें लिहिलेल्या एका विस्तृत निबंधांत प्रतिपादन केलें. त्यांतील दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा होता. हवा सहज दाबली जाते. त्यामुळें स्फोटाचा धक्का तींत लवकर विरून जातो. माती आणि पाणी हीं सहजासहजीं दाबलीं जात नाहींत, आणि त्यांच्यांतून धक्का दूरवर व जोरानें जातो. तेव्हां बाँब वस्तूवर पडून हवेंत फुटण्यापेक्षां वस्तूच्या शेजारीं जमिनींत खोल शिरून फुटला, तर भूकंपाप्रमाणें तिचा पायाच ढासळेल. ह्यासाठीं त्यानें दहा टनांचा बाँब आणि तो चाळीस हजार फुटांवरून टाकणारें सहा इंजिनांचें विमान सुचविलें. अधिकाऱ्यांनीं कागद वाचले, कौतुक केलें आणि बाजूस ठेवले. एवढ्या एका बाँबसाठीं नवें विमान बांधण्यास कोणास सवड नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर त्या वर्षीं ती नसणें स्वाभाविक होतें.

धरणांचा विचार मात्र सुटला नाहीं. रूर खोऱ्याला पाणी पुरविणारें म्योने नदीचें धरण १९१३ सालीं पुरें झालें होतें. त्याची लांबी सुमारें २,१०० फूट, उंची १३० फूट, आणि पायथ्याशीं जाडी ११२ फूट. पूर्वेस एडर नदीवरचें धरण १९१४ चें. त्याचा जलाशय तर म्योनेहूनहि मोठा. दोन्हीं धरणें दगडी. असें दगडी धरण पाण्याला अडवितें तें मुख्यत्वें आपल्या वजनानें. पाणी त्याला पुढें ढकलीत असतें आणि तें आपल्या भारानें जागच्या जागीं बसून असतें. त्याच्या दगडाला आणि चुन्याला दाब कितीहि सोसतो. सोसत नाहीं तो ताण. स्फोटाचा धक्का भिंतींत शिरतो तेव्हां तो दाबाच्या रूपानें शिरतो, आणि भिंत तो सहन करते. पण पलीकडच्या कोरड्या अंगाला पोहोंचून तोच धक्का उलटला, म्हणजे ताणाच्या रूपानें परत येतो, आणि तेथें दगडी बांधकामाची सहनशीलता संपते.

हें कागदावर ठीक होतें. पण भिंतीपासून किती अंतरावर किती स्फोटक द्रव्य लागेल? वॅटफर्डजवळील इमारत-संशोधन संस्थेंत म्योने धरणाची पन्नासपट लहान प्रतिकृति चिमुकल्या विटांनीं बांधण्यांत आली आणि तिच्याजवळ लहान लहान स्फोट करून पाहण्यांत आले. निष्कर्ष निराशेचा होता. भिंतीपासून थोडें दूर फुटलेलें द्रव्य, तें पुष्कळ असलें तरी, भिंतीला फारसें कांहीं करीत नसे. मग वेल्स प्रांतांत नांटिग्रो नांवाचें एक लहानसें, वापरांतून गेलेलें धरण होतें, तें प्रयोगासाठीं मिळालें. २४ जुलै १९४२ रोजीं पाण्याखालीं भिंतीला अगदीं भिडवून एक सुरुंग उडविण्यांत आला, आणि भिंतीच्या मध्यभागीं मोठें भगदाड पडलें. तेव्हां रहस्य उलगडलें तें असें: द्रव्य भिंतीला चिकटलेलें असावें, आणि पाण्याखालीं असावें, म्हणजे मागच्या बाजूनें पाण्याचें वजनच त्या स्फोटाला भिंतीवर दाबून धरतें. असें केल्यास दहा टनांची गरज नाहीं. तीन टन स्फोटकांत काम होईल, आणि तेवढें वाहणारें लँकेस्टर विमान तर तयारच होतें.

आतां अडचण उरली ती एकच, पण ती भली मोठी. चालत्या विमानांतून टाकलेली वस्तु भिंतीला पाण्याखालीं चिकटून कशी बसावी? वरून टाकलेला बाँब इतक्या अचूकपणें पडणें अशक्य. आणि पाण्यांतून पाणतीर सोडावा, तर धरणापुढें पोलादी जाळीं टांगून जर्मनांनीं ती वाट बंद केलेली.

ह्याच अडचणीवर वॉलिसला खापरीचा खेळ आठवला. १९४२ च्या एप्रिलांत एफिंगहॅम येथील आपल्या घराबाहेर त्यानें पाण्यानें भरलेला एक टब ठेवला, त्याच्यावर एक दोरी ताणली, मुलांच्या गोट्या घेतल्या आणि एका घरगुती गलोलीनें तो त्या पाण्यावर मारूं लागला. गोटी पाण्याला किती तिरपी लागली असतां किती उंच व किती दूर उडते, हें दोरीच्या मापानें तो टिपून घेई. शेजाऱ्यांनीं तें पाहिलें असल्यास पंचावन्नाच्या घरांतील ह्या प्रतिष्ठित गृहस्थाविषयीं त्यांना काय वाटलें असेल, याची कल्पना करावी. वास्तविक ही युक्ति अगदींच नवी नव्हती. जुन्या काळचे आरमारी गोलंदाज तोफेचा गोळा पाण्यावरून उडवून शत्रूच्या जहाजावर घालीत असत, आणि हें वॉलिसला ठाऊक होतें. पुढें टेडिंग्टन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत, जेथें जहाजांच्या प्रतिकृति ओढून पाहण्यासाठीं लांबच लांब हौद होता, तेथें त्यानें महिनेच्या महिने हेच प्रयोग शास्त्रशुद्ध रीतीनें केले.

त्यांतून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे उलटी फिरकी. बाँब सोडण्यापूर्वींच तो विमानाखालीं गरगरा फिरत असावा, आणि फिरण्याची दिशा गाडीच्या पुढें जाणाऱ्या चाकाच्या उलट असावी. ह्या फिरकीचें श्रेय कोणाचें याविषयीं एक आख्यायिका आहे. वॉलिसचा सहकारी जॉर्ज एडवर्ड्झ हा क्रिकेटचा शौकीन व फिरकी गोलंदाज होता, आणि चेंडूच्या अनुभवावरून ही कल्पना आपण सुचविली असें तो पुढें सांगत असे. श्रेयाची वांटणी मी करीत नाहीं. क्रिकेटप्रेमी श्रोत्यांनीं ती आपल्या मनाप्रमाणें करून घ्यावी. फिरकीचे फायदे मात्र निःसंशय होते. भोंवऱ्याप्रमाणें फिरणारी वस्तु डळमळत नाहीं, म्हणून बाँब सरळ रेषेंत जाई. पाण्याला टेकतांना उलट्या फिरकीमुळें तो बुडण्याऐवजीं वर उचलला जाई. आणि तिसरा फायदा तर एखाद्या कोड्याच्या उत्तरासारखा सुंदर होता. भिंतीला धडकलेली वस्तु साहजिकच मागें उसळून दूर जावयाची. पण हा बाँब धडकल्यावरहि फिरतच असल्यामुळें भिंतीला घासत, तिला बिलगून, खालीं खालीं उतरत जाई. तीस फूट खोल गेल्यावर पाण्याच्या दाबानें त्याची कळ सुटे आणि तो फुटे. म्हणजे जें काम पाणबुड्यानें हातानें करावयाचें, तें ही जड वस्तु आपली आपण करी.

वरिष्ठांचें मन वळविणें हें बाँब वळविण्यापेक्षां कठीण ठरलें. बाँबफेक्या विमानदलाचा प्रमुख आर्थर हॅरिस यानें १९४३ च्या फेब्रुवारींत ही सारी कल्पना निव्वळ खुळचटपणाची ठरवून आपलीं लँकेस्टर विमानें असल्या खेळासाठीं देण्यास कडाडून विरोध केला. पण त्याच्याहि वरच्यांनीं छायाचित्रें पाहिलीं, आणि २६ फेब्रुवारी १९४३ रोजीं काम सुरू करण्याचा हुकूम सुटला. मुदत निसर्गानेंच घालून दिलेली होती. जलाशय तुडुंब भरलेले असावयास पाहिजेत, आणि रात्र चांदण्याची पाहिजे. म्हणजे मे महिन्याचा मध्य. त्या दिवशीं मोठ्या बाँबचा नकाशासुद्धां तयार नव्हता. हातांत आठवडे होते अकरा.

मूळ योजनेप्रमाणें पोलादी पिंपाभोवतीं लाकडाचें वेष्टन घालून बाँब गोल करावयाचा होता. एप्रिलांत केंट परगण्यांतील रिकल्व्हरच्या समुद्रकिनाऱ्यावर तो टाकून पाहिला, तेव्हां पाण्याच्या पहिल्या तडाख्यासरशीं लाकडाच्या चिरफळ्या उडाल्या. तुकडे गोळा करण्यासाठीं वॉलिस स्वतः त्या थंड पाण्यांत उतरला. पण त्याच्या ध्यानांत एक गोष्ट आली. लाकूड गळून पडलें, तरी आंतलें उघडें पोलादी पिंप पाण्यावरून उड्या मारीत पुढें गेलेंच होतें. मग लाकूड हवें कशाला? वेष्टन काढून टाकलें. बाँब गोल राहिला नाहीं. पांच फूट लांब आणि चार फुटांहून थोड्या अधिक व्यासाचें, तेलाच्या पिंपासारखें तें एक ओबडधोबड नळकांडें झालें. वजन सुमारें ९,२५० पौंड, त्यांपैकीं ६,६०० पौंड स्फोटक द्रव्य. विमानाच्या पोटाखालीं दोन बाहूंमध्यें तें आडवें धरलेलें असे, आणि एका पट्ट्यानें त्याला मिनिटाला ५०० फेरे दिले जात. इतकें अवजड पिंप पोटाशीं फिरूं लागलें म्हणजे सारें विमान थरथरत असे.

दुसरी गोष्ट अधिक कठीण होती. दीडशें फुटांवरून टाकल्यास बाँब फुटतो किंवा वांकडा उडतो, असें दिसून आलें. साठ फुटांवरून टाकल्यास टिकतो. साठ फूट म्हणजे पांच-सहा मजली इमारतीची उंची. एवढ्या खालून, रात्रीं, पाण्यावरून, ताशीं दोनशें तीस मैलांच्या वेगानें चार इंजिनांचें विमान न्यावयाचें! विमानांतील उंचीचें यंत्र इतक्या खालीं निरुपयोगी. त्यावर जो उपाय निघाला तो एखाद्या शाळकरी मुलालाहि समजावा असा होता. विमानाखालीं दोन दिवे असे तिरपे बसविले कीं, त्यांचे झोत बरोबर साठ फुटांवर एकमेकांस मिळावे. पाण्यावर प्रकाशाचीं दोन वर्तुळें दिसत असलीं तर उंची चुकली. तीं एकमेकांस चिकटलीं कीं उंची बरोबर. अंतराचा प्रश्नहि तसाच सुटला. धरणावर दोन बुरूज होते, आणि त्यांच्यांतील अंतर ठाऊक होतें. लांकडाच्या एका त्रिकोणी तुकड्याच्या टोंकाशीं भोंक, दुसऱ्या बाजूस दोन खिळे; भोंकांतून पाहतांना खिळे बुरुजांच्या रेषेंत आले कीं कळ दाबावयाची. कोट्यवधींच्या युद्धसामुग्रींत चार आण्यांच्या ह्या लांकडानें आपलें काम चोख बजावलें.

ह्या कामगिरीसाठीं ६१७ क्रमांकाचें नवें पथक उभारण्यांत आलें, आणि त्याचें नेतृत्व गाय गिब्सन ह्या चोवीस वर्षांच्या वैमानिकाकडे देण्यांत आलें. १६ मे १९४३ च्या रात्रीं एकोणीस विमानें निघालीं. प्रत्येकांत सात, म्हणजे एकशें तेहेतीस माणसें. म्योने धरणावर प्रथम गिब्सननें बाँब टाकला. भिंत हालली नाहीं. दुसऱ्या विमानाला तोफांनीं पेटविलें. त्याचा बाँब भिंतीवरून उडून पलीकडच्या वीजगृहावर पडला, आणि विमान कोसळलें. तिसऱ्याचा बाजूला गेला. त्यानंतरच्या प्रत्येक विमानाबरोबर गिब्सन स्वतःचें रिकामें विमान घेऊन जात होता. उद्देश हा कीं तोफांचा रोख वांटला जावा. चौथा बाँब नेमका लागला. आणि पांचवा लागतांच मध्यरात्रीनंतर पाऊण तासाच्या सुमारास ती तीस वर्षें उभी असलेली भिंत मधोमध उघडली. एडर धरणाभोवतीं तोफा नव्हत्या, पण डोंगरांचें कडें इतकें अवघड होतें कीं अनेक फेऱ्या फुकट गेल्या. अखेर तिसऱ्या व शेवटच्या बाँबनें तें फुटलें.

झोर्पे धरण मात्र फुटलें नाहीं, आणि त्याचें कारण जाणण्यासारखें आहे. तें दगडी नव्हतें. मध्यें काँक्रीटचा गाभा आणि दोन्ही अंगांस मातीचा प्रचंड उतरता भराव, अशी त्याची रचना होती. दगडी भिंत कडक असते, म्हणून ती तडकते. माती धक्का गिळून टाकते. तेथें उड्या मारणारा बाँब निरुपयोगीच होता. दोन विमानांनीं माथ्यावर बाँब टाकले, माथा थोडा खचला, एवढेंच. मातीच्या धरणाचा शत्रु स्फोट नव्हे, पाणीच. माती वाहूं लागली कीं मग तिला थांबविणें नाहीं, हें १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय पाहिलेल्या पुणेकर श्रोत्यांना मीं सांगावयास नको. मातीच्या पानशेतच्या मागोमाग त्याच दिवशीं खालचें दगडी खडकवासलेंहि गेलें, आणि फुटलेल्या धरणाचें पाणी गांवांत शिरतें म्हणजे काय होतें, हें आपल्याकडील एका पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें आहे. म्योनेच्या खालच्या गांवांना तर रात्रीं झोंपेंत गांठलें गेलें.

म्योने धरणाला जें खिंडार पडलें तें सुमारें २५० फूट रुंद आणि ७० फूट खोल होतें. त्यांतून सुटलेला लोंढा खोऱ्यांतून मैलोगणती गेला. पूल, रेल्वेचे मार्ग, पंपघरें, वीजगृहें, शेतें, गुरें वाहून गेलीं. बळी पडलेल्या माणसांच्या संख्येचे अंदाज तेराशें ते सोळाशेंच्या दरम्यान आहेत. आणि श्रोतेहो, त्यांपैकीं निम्म्याहून अधिक जर्मन नव्हतेच. नेहाइम गांवाजवळ सक्तीनें पकडून आणलेल्या परदेशी मजुरांची एक छावणी होती, आणि तींत बहुसंख्य स्त्रिया होत्या, युक्रेन व रशियाकडून आणलेल्या. ज्या लोकांना गुलामगिरींतून सोडविण्यासाठीं हें युद्ध चालू आहे असें दोस्त राष्ट्रें म्हणत होतीं, त्याच ह्या स्त्रिया. छावणीच्या लांकडी चाळी पाण्यावर तरंगत निघाल्या, आणि तारेच्या कुंपणांत त्यांना वाट राहिली नाहीं. विमानांतून पाहणाऱ्यांना चांदण्यांत फक्त रुपेरी पाणी दिसलें असणार.

इंग्लंडांत आनंदोत्सव झाला. गिब्सनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढें सप्टेंबर १९४४ मध्यें तोहि एका मोहिमेंत मारला गेला. ज्या हॅरिसनें योजनेची थट्टा केली होती, त्यानेंहि वॉलिसचें अभिनंदन केलें. पण वॉलिसचें लक्ष दुसऱ्या आंकड्याकडे होतें. एकोणीसपैकीं आठ विमानें परत आलीं नव्हतीं. त्रेपन्न माणसें मेलीं होतीं, तीन कैदेंत पडलीं होतीं. हे तरुण त्याच्या ओळखीचे होते. त्यानें त्यांना स्वतः फळ्यावर आकृति काढून बाँबची युक्ति समजावून सांगितली होती. यशाच्या बातमीनंतरच्या सकाळीं तो हमसून रडला, असें त्याला पाहणाऱ्यांनीं सांगितलें आहे.

एवढी किंमत देऊन काय साधलें, ह्याविषयीं इतिहासकारांत अजूनहि एकमत नाहीं. रूरचे कारखाने कायमचे बंद पडतील ही अपेक्षा खोटी ठरली. जर्मनांनीं हजारों मजूर, त्यांत फ्रान्सच्या किनाऱ्यावर तटबंदी उभारणारेहि, तिकडून काढून येथें आणले, आणि शरद् ऋतु संपण्यापूर्वीं म्योनेची भिंत पुन्हां उभी केली. किनाऱ्यावरचें तें काम मागें पडलें, हा फायदा कांहीं जण पदरांत घालतात, आणि तो खोटा नाहीं. जर्मनीचा युद्धसामुग्रीमंत्री आल्बेर्ट श्पेअर यानें आपल्या आठवणींत याविषयीं नवल व्यक्त केलें आहे. झोर्पे धरण फुटलें असतें तर खरा घाव बसला असता. आणि दुरुस्ती चालू असतां इंग्रजांनीं वरून साधे बाँब टाकून ती कां उधळली नाहीं, हें त्याला समजलें नाहीं. मला तर ह्या दुसऱ्या प्रश्नाचें आश्चर्य अधिक वाटतें. कल्पनेची उंच झेप जेथें घेतली गेली, तेथें साधा पाठपुरावा कोणास सुचूं नये!

एक बाँब न फुटतां जर्मनांच्या हातीं लागला. पडलेल्या विमानाजवळ तें पिंप त्यांना सांपडलें, आणि थोड्याच दिवसांत त्यांनीं त्याचे तपशीलवार नकाशे काढले. त्यांनीं आपला तसला बाँब करण्याचा प्रयत्नहि केला. पण उलट्या फिरकीचें मर्म त्यांना उमगलें नाहीं, आणि तो साधला नाहीं. गंमत अशी कीं, शत्रूला युद्धांतच कळलेलें हें गुपित इंग्रज सरकारनें स्वतःच्या लोकांपासून मात्र पुढें कित्येक वर्षें राखलें. १९५५ सालीं ह्या मोहिमेवर चित्रपट निघाला, तेव्हां बाँबचा खरा आकार दाखविण्यास मनाई असल्यामुळें त्यांत तो गोल दाखवावा लागला.

ह्या यशानंतर वॉलिसच्या जुन्या भूकंपी बाँबकडे वरिष्ठांचें लक्ष गेलें. त्यांतून टॉलबॉय हा १२,००० पौंडांचा व ग्रँड स्लॅम हा २२,००० पौंडांचा, असे दोन बाँब निर्माण झाले. हीं ओबडधोबड पिंपें नव्हतीं. टॉलबॉय एकवीस फूट लांब, माशासारखा निमुळता, आणि त्याचें नाक कठीण पोलादाचें. त्याचीं शेपटाकडचीं पातीं किंचित् तिरपीं बसविलेलीं असत. त्यामुळें तो पडतांना बंदुकीच्या गोळीप्रमाणें स्वतःभोवतीं फिरे आणि भरकटत नसे. जून १९४४ मध्यें फ्रान्सांतील सोम्यूर येथील रेल्वेच्या बोगद्यावर ते टाकले गेले, तेव्हां एक बाँब टेंकडी भेदून आंत बोगद्यांतच फुटला. तिर्पिट्झ ही जर्मन युद्धनौका १२ नोव्हेंबर १९४४ रोजीं नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ त्यांनींच बुडविली. १४ मार्च १९४५ रोजीं बीलफेल्डजवळचा, अनेक हल्ल्यांना पुरून उरलेला रेल्वेचा उंच पूल पहिल्या ग्रँड स्लॅमच्या हादऱ्यानें पायापासून खचला. वॉलिसचें १९४१ चें म्हणणें शास्त्रदृष्ट्या अक्षरशः खरें ठरलें. पण तोंवर युद्धाचा निकाल लागण्यास दोन महिनेहि उरले नव्हते.

धरणांवरील हल्ल्याविषयीं जगाचें मत पुढें बदललें. १९७७ सालीं जिनीव्हाच्या करारांस जी पुरवणी जोडण्यांत आली, तींतील छपन्नाव्या कलमानें, ज्यांच्या फुटण्यानें नागरिकांवर भयंकर आपत्ति ओढवेल अशीं धरणें व बंधारे यांवर हल्ला करण्यास बंदी घातली. कांहीं अपवाद ठेवलेले आहेत, आणि सर्व राष्ट्रांनीं त्यावर सह्या केलेल्या नाहींत.

वॉलिस ब्याण्णव वर्षें जगला. १९७९ मध्यें तो वारला. १९५१ सालीं सरकारनें युद्धकाळांतील शोधांबद्दल त्याला दहा हजार पौंड दिले. ते त्यानें घरीं नेले नाहींत. ज्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल शाळेंत तो स्वतः शिकला होता, तेथें विमानदलांतील मृत व जखमी माणसांच्या मुलांचें शिक्षण व्हावें म्हणून ती सर्व रक्कम त्यानें देऊन टाकली. त्यानंतरच्या वर्षांत तो उडतांना पंख मागेंपुढें वळविणाऱ्या विमानांच्या मागें लागला. वाइल्ड गूज आणि स्वॉलो हीं त्याचीं नांवें. नव्या विमानाची परीक्षा वैमानिकानें जीव धोक्यांत घालून करावी, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. वॉलिसनें ती सोडून दिली होती. त्याच्या त्या विमानांच्या लहान प्रतिकृति जमिनीवरून बिनतारी यंत्रानें उडविल्या जात. त्यांत बसण्यासाठीं त्यानें कोणालाहि बोलाविलें नाहीं.